जुन्या कॅम्परचा जीर्णोद्धार

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय असलेल्या वाहनास मोटरहोम किंवा कॅम्पर म्हणतात. अशी जुनी वाहने विकत घेऊन स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याचा छंद युरोपात चांगलाच रुजला आहे. त्यात विशेष मान आहे तो फोक्सवॅगनच्या 'टाइप २' या गाडीला. डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ मध्ये तिचे कच्चे रेखाचित्र काढले, १९५० मध्ये जर्मनीत उत्पादन सुरू झाले आणि लवकरच 'वेस्टफालिया' या कंपनीने तीत बिछाना व कपाटे बसविण्यास प्रारंभ केला. १९६७ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीचे जर्मनीतील उत्पादन १९७९ मध्ये थांबले. साहजिकच, या गाड्यांचे वय आज साडेचार दशकांहून अधिक आहे.

नवशिक्याचा उत्साह बहुधा पडदे, गाद्या आणि रंगापासून सुरू होतो. कामाचा योग्य क्रम मात्र याच्या नेमका उलट आहे.

आधी पत्रा

या गाडीचा खरा शत्रू गंज. खिडक्यांचे रबर आणि उचलता येणाऱ्या छताची कड यांतून झिरपणारे पाणी दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत साचते आणि पत्रा आतून खाते. वरचा रंग चकचकीत असला तरी फरशीखाली, चाकांच्या कमानींत आणि बॅटरीच्या बैठकीत पाहिल्याशिवाय खरेदीचा निर्णय घेऊ नये. दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी सांगाड्यास सर्व बाजूंनी आधार द्यावा आणि एका वेळी एकच बाजू हाती घ्यावी. अन्यथा सांगाडा खचून दारे नीट बसेनाशी होतात. भार पेलणाऱ्या भागांचे वेल्डिंग कसबी कारागिराकडेच सोपवावे.

मग इंजिन आणि ब्रेक

मागील बाजूचे इंजिन हवेने थंड होते. त्याभोवतीचे पत्र्याचे आवरण व रबरी पट्टी हरवली असल्यास तापलेली हवा पुन्हा आत शिरते आणि इंजिन अवाजवी तापते. त्याहून गंभीर धोका पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्यांचा. त्या कडक होऊन तडकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. या इंजिनाच्या आवरणात मॅग्नेशियम असल्याने लागलेली आग आटोक्यात आणणे कठीण जाते. म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोल सहन करणाऱ्या नव्या नळ्या प्रथम बसवाव्यात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक त्यामुळे आतून गंजलेले असू शकतात. ते पूर्ण उघडून तपासावेत.

वायरिंग आणि गॅस

आतील दिव्यांसाठी स्वतंत्र बॅटरी घ्यावी आणि तिच्या लगतच फ्यूज बसवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यासाठी तळाशी झरोका हवाच. बंद जागेत शेगडी पेटवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. त्यास वास नसतो, म्हणून इशारा देणारे यंत्र आवश्यक. गॅसजोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी.

फर्निचर, गाद्या व पडदे यांची पाळी शेवटी. पहिला स्क्रू काढण्यापूर्वीच प्रत्येक भागाची छायाचित्रे घेऊन सुटे भाग नावानिशी डब्यांत ठेवल्यास पुन्हा जोडणी करताना घोटाळा होत नाही.

जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप जपलेल्या गाड्यांना १९९७ पासून खास 'एच' क्रमांकपट्टी मिळते. ब्रिटनमध्ये मात्र चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा फेरबदल न झालेल्या मोटारींना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. सवलत सोयीची खरी, परंतु अशा गाडीत कुटुंबासह निजणाऱ्या मालकावरच मग तपासनिसाची जबाबदारी येते.