शंभर मीटरांचा वृक्ष आणि आकाशातून उतरलेली मोजपट्टी

१/ सन १८७२. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचे वननिरीक्षक विल्यम फर्ग्युसन यांनी कळवले, की वॉट्स नदीच्या खोऱ्यात एक महावृक्ष कोसळून पडला असून त्याची लांबी ४३५ फूट, म्हणजे १३२ मीटरांहून अधिक भरते. या आकड्याची खातरजमा कोणालाही करता आली नाही. वाद मात्र आजतागायत चालू आहे.

२/ हा वृक्ष होता ‘युकॅलिप्टस रेग्नन्स’, महाराष्ट्रात निलगिरी म्हणून परिचित असलेल्या कुळातील सर्वांत उंच जात. १८८८ च्या मेलबर्न प्रदर्शनाच्या वेळी ४०० फुटांचा वृक्ष दाखवणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. पुष्कळ शोध झाला. पण मोजणीत सर्वांत उंच ठरलेला वृक्ष ३२६ फुटांचाच निघाला.

३/ अडचण मोजणीतच होती. उभ्या झाडाची उंची काढण्यासाठी भूमापक ठरावीक अंतरावरून शेंड्याचा व बुंध्याचा कोन घेतो आणि त्रिकोणमितीने हिशोब करतो. घनदाट अरण्यात एका जागेवरून शेंडा आणि बुंधा दोन्ही दिसणे दुर्मीळ. त्यामुळे साखळीने केलेली निश्चित मोजणी बहुधा झाड आडवे झाल्यावरच होई. उंची कळे, तेव्हा वृक्ष उरलेला नसे.

४/ १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर प्रकाशित केला आणि मोजणीचे नवे साधन हाती आले. १९८४ मध्ये रॉस नेल्सन व सहकाऱ्यांनी पेनसिल्वेनियातील वनावरून नेलेल्या विमानी लेसरच्या नोंदींतून पर्णछत्राची उंची काढता येते, हे दाखवले. तो लेसर विमानाच्या मार्गाखालची एकच रेषा मोजत असे. पुढे किरण डावी-उजवीकडे फिरवणारी यंत्रे आली आणि रेषेच्या जागी जमिनीचा रुंद पट्टा मोजला जाऊ लागला.

५/ तत्त्व सोपे आहे. विमानातून दर सेकंदाला हजारो प्रकाशस्पंद खाली सोडले जातात. स्पंद परत येण्यास लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणून निम्मे केले, की अंतर मिळते. एक हजार मीटर उंचीवरून जाऊन येण्यास एका सेकंदाचे सुमारे सात दशलक्षांश भाग पुरतात. वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली, तर अंतर १५ सेंटीमीटरने चुकते.

६/ एकाच स्पंदाचा काही भाग शेंड्यावरून परततो, तर काही भाग पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत जाऊन उशिरा परततो. जीपीएस व दिशादर्शक यंत्रे विमानाचे स्थान आणि कल क्षणोक्षणी नोंदवतात. शेंड्यांच्या पृष्ठभागातून जमिनीचा पृष्ठभाग वजा केला, की संपूर्ण अरण्याची उंची नकाशावर उमटते.

७/ टास्मानियात या नकाशाला वेगळेच महत्त्व होते. तेथील वनांचे व्यवस्थापन आणि लाकूडतोड पाहणाऱ्या ‘फॉरेस्ट्री टास्मानिया’ या सरकारी संस्थेचा नियम होता : ८५ मीटर वा त्याहून उंच वृक्ष तोडायचा नाही. पण एखादा वृक्ष ८५ मीटरांचा आहे, हे तोडीपूर्वी कळणार कसे? मोजणीवाचून तो नियम कागदावरच राहण्याचा धोका होता.

८/ ऑगस्ट २००८ मध्ये, वनसंपत्तीचा अंदाज घेण्यासाठी केलेल्या विमानी लेसर पाहणीच्या नोंदी तपासताना याच संस्थेच्या कर्मचाऱ्यांना एक विलक्षण उंच बिंदू दिसला. भोवती पूर्वी तोड होऊन पुन्हा वाढलेले वन, आणि मध्ये जुन्या अरण्याचा लहानसा तुकडा शिल्लक. गिर्यारोहकांप्रमाणे दोरांनी शेंड्यापर्यंत चढून फीत सोडली गेली : ९९.६ मीटर. रोमन सैन्यातील शंभर शिपायांच्या नायकावरून वृक्षाला ‘सेंच्युरियन’ हे नाव मिळाले.

९/ लाकडाचा हिशोब मांडण्यासाठी केलेल्या मोजणीनेच तो वृक्ष कुऱ्हाडीच्या कक्षेबाहेर नेला. फर्ग्युसन यांच्या काळाशी तुलना केली, तर क्रम उलटला होता : आता उंची आधी कळली आणि वृक्ष उभाच राहिला.

१०/ डिसेंबर २०१८ मध्ये जमिनीवरील लेसरने सेंच्युरियनची उंची १००.५ मीटर भरली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१९ मध्ये, दक्षिण टास्मानियात भीषण वणवे पेटले आणि त्याचा बुंधा होरपळला. वृक्ष वाचला. ८५ मीटरांचा नियम त्याला तोडीपासून राखू शकत होता. आगीपुढे तो नियम चालत नव्हता.