दोन खिडक्यांतला वाघ

नागझिऱ्याच्या जंगलवाटेवर वाघांची गणना चालते तेव्हा कॅमेरा ट्रॅप जोडीने लावतात. वाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात शिरू नये म्हणून किंचित पुढेमागे. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. या गुणावर आधारलेली गणना वन्यजीव-शास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत रुजवली. आज ती देशभर चालते. तिचा शेवटचा टप्पा मात्र जंगलात होत नाही, संगणकाच्या पडद्यावर होतो. दोन फोटो समोरासमोर ठेवून ‘हा तोच का?’ हे तिथे ठरवायचे असते.

फोटो दोन टॅबमध्ये उघडून आलटूनपालटून पाहिले, तर तुलना डोळा करत नाही, आठवण करते. माणसाची दृश्य-स्मृती एका वेळी जेमतेम तीन-चार तपशील धरून ठेवते. वाघाच्या एका कुशीवर त्याहून कितीतरी पट खुणा असतात. टॅब बदलला की त्यांतल्या बहुतेक निसटतात आणि उरतो तो ‘साधारण असाच होता’ एवढा ठसा. शेजारी मांडलेल्या खिडक्यांत हे ओझे उतरते. विसरलेली खूण पुन्हा पाहायला फक्त नजर वळवावी लागते.

यासाठी टॅब पट्टीतून ओढून बाहेर काढावा, म्हणजे त्याची वेगळी खिडकी होते. विंडोज कळीसोबत डावा बाण दाबला की ती डावीकडे बसते. दुसरीला उजवा बाण. पण इथेच थांबणे मला पुरेसे वाटत नाही. १३६६ बाय ७६८ बिंदूंच्या लॅपटॉपवर डाव्या-उजव्या मांडणीत एका पट्ट्यापासून त्याच्या जोडीदारापर्यंत नजरेला ६८३ बिंदूंची उडी मारावी लागते. खिडक्यांच्या कडा ओढून एक वर, एक खाली ठेवली तर हेच अंतर ३८४ वर येते. शिवाय वाघाचे शरीर आडवे आणि पट्टे बहुतेक उभे. खांद्याखाली खांदा, मांडीखाली मांडी आली की नजर सरळ खाली उतरते; ‘खांद्यापासून चौथा पट्टा’ असे मोजत बसावे लागत नाही. कपाळावरच्या खुणा ताडायच्या असतील तर डावी-उजवी मांडणी ठीक. कुशीसाठी वर-खालीच योग्य. दोन्ही प्रतिमा सारख्या पटीने मोठ्या केलेल्या हव्यात, नाहीतर जवळून गेलेला वाघ आणि लांबून गेलेला वाघ वेगळे भासतात.

डावी कूस डावीशीच ताडायची, हे उघड आहे. मग डावी आणि उजवी एकाच जनावराची हे कशावरून? तिथे दोन खिडक्यांचे दुसरे काम सुरू होते. एकीत डाव्या कॅमेऱ्याचे फोटो, दुसरीत उजव्याचे, आणि नजर पट्ट्यांवर नव्हे तर फोटोखालच्या वेळेवर. वाघ दोन्हींत एकाच क्षणी टिपला गेला असेल तरच जोडी पक्की. घड्याळे आधी जुळवलेली नसतील तर हा पुरावाच जातो आणि एकाच वाघाच्या दोन कुशी दोन वाघ म्हणून नोंदल्या जाण्याचा धोका राहतो. नागझिऱ्यात ही चूक विशेष महाग पडते. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तरी इथले वाघ मोजकेच होते, म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून सोडाव्या लागल्या. दहा वाघांच्या जंगलात एक वाघ दोनदा मोजला गेला तर चूक दहा टक्क्यांची होते.

जुळणी आणि नकार यांचे नियम सारखे नाहीत. स्पष्ट दिसणारा एक पट्टा जरी निर्विवाद वेगळा निघाला, तरी वाघ दुसरा. होकारासाठी मात्र कुशीच्या वेगवेगळ्या भागांतल्या अनेक खुणा जुळाव्या लागतात: दुभंगलेला पट्टा, मध्येच तुटलेली रेघ, मांडीवरचे बंद कडे. आणि वेगळेपण खरे की चालीमुळे ताणलेल्या कातडीचे, हे तपासल्याशिवाय नकारही देऊ नये.

आलटूनपालटून पाहण्याची पद्धत सर्वस्वी टाकाऊ नाही. १९३० मध्ये खगोलशास्त्रज्ञ क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला तो आकाशाच्या एकाच भागाची दोन छायाचित्रे झपझप बदलत पाहूनच. स्थिर ताऱ्यांत सरकलेला ठिपका उठून दिसला. पण तिथे चौकट तंतोतंत तीच होती. पाणवठ्यावर पक्क्या बसवलेल्या कॅमेऱ्याच्या दोन फोटोंत पाणी किती उतरले हे पाहायला ही रीत उत्तम. चालता वाघ दर वेळी वेगळ्या कोनात येतो, म्हणून त्याच्यासाठी शेजारी मांडलेल्या खिडक्याच हव्यात.

आता पट्टे जुळवणारी संगणक-प्रणाली हजारो फोटोंतून जवळचे उमेदवार काढून देते. त्यांतला खरा कोणता, हे माणूसच दोन प्रतिमा शेजारी ठेवून ठरवतो. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ टिपला गेला, तो पट्ट्यांवरून यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला निघाला. नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात गेला आणि एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला. त्याच्यासारखा वाघ उद्या कुठल्या कॅमेऱ्यात आला, तर आकार आणि रुबाब यांवरून काही ठरणार नाही. नागझिऱ्यातली त्याची जुनी कूस वरच्या खिडकीत आणि नवा फोटो खालच्या खिडकीत ठेवावा लागेल.