ब्रोलियोच्या द्राक्षमळ्याची कुळकथा

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या ईशान्येला, गायोले गावाजवळच्या टेकडीवर ब्रोलियोचा किल्ला आहे. 1141 सालापासून तो रिकासोली घराण्याकडे आहे. किल्ल्याभोवती 1,200 हेक्टरांच्या आसपास जमीन आहे. तिच्यात जंगल आहे, ऑलिव्ह आहेत आणि साधारण पाचव्या हिश्श्यात द्राक्षवेली आहेत. कियांती या जगप्रसिद्ध रेड वाइनचं मिश्रण इथेच ठरलं.

सुरुवातीची कित्येक शतकं या घराण्याची ओळख लढवय्यांची होती. ब्रोलियो फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन वैरी नगरराज्यांच्या सीमेवर होता आणि रिकासोली फ्लॉरेन्सच्या बाजूचे होते. त्यामुळे प्रत्येक युद्धाची झळ आधी त्यांच्या शिवाराला लागे. 1478 मध्ये आरागॉन राजघराण्याच्या आणि सिएनाच्या फौजांनी किल्ला घेऊन पाडला. पुढे फ्लॉरेन्सनं तिथे तोफांचा मारा सोसेल अशी नवी तटबंदी उभारली. आजचे भक्कम कोनी बुरूज त्याच बांधणीतले. या काळात वाइन होतीच, पण ती घरच्या आणि बाजारच्या गरजेपुरती. 1716 मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं फर्मान काढून कियांतीच्या मुलखाच्या सीमा आखून दिल्या. मात्र त्या सीमेच्या आत पिंपात नेमकी कोणती द्राक्षं जावीत, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हाची शेतीच तशी होती. वेलींची वेगळी बाग क्वचितच असे. गव्हाच्या शेतात, ऑलिव्हच्या ओळींमध्ये झाडांवर वेली चढवलेल्या असत. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं आणि पीक निम्मं निम्मं. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ही पद्धत, मेझ्झाद्रिया. काळ्या-पांढऱ्या अनेक जातींची द्राक्षं एकत्र तोडून एकत्रच आंबवली जात. वाइन एका वर्षी बरी निघे, दुसऱ्या वर्षी आंबट, आणि दूरच्या प्रवासात बहुधा बिघडे.

हे चित्र बदलायला निघालेला माणूस म्हणजे बेत्तिनो रिकासोली. 1809 मध्ये फ्लॉरेन्सला जन्मलेल्या या मुलाचे आईवडील लवकर गेले. पदरी आलं ते घराण्याचं कर्ज आणि धाकट्या भावांची जबाबदारी. 1838 च्या सुमारास शहर सोडून तो पत्नी आणि मुलीसह ब्रोलियोला राहायला गेला. कर्ज फेडायचं तर जमिनीतूनच फेडायला हवं आणि त्यासाठी मालकानं जमिनीवर राहायला हवं, अशी त्याची धारणा होती. तो धर्मनिष्ठ होता, करारी होता, कुळांशी फार कडकपणे वागणारा होता. पुढे राजकारणात त्याला ‘लोखंडी बॅरन’ म्हणत. 1859 नंतर तोस्काना एकसंध इटलीत सामील झाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. जून 1861 मध्ये पहिला पंतप्रधान काव्हूर याच्या निधनानंतर तो इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला आणि 1866 मध्ये पुन्हा एकदा त्या पदावर आला.

या सगळ्या धामधुमीत ब्रोलियोच्या तळघरातले प्रयोग थांबले नाहीत. 1851 मध्ये त्यानं फ्रान्सचे द्राक्षमळे पाहिले. परतल्यावर एकेक जात वेगळी आंबवायची, चाखायची, वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायची, वर्षं जाऊ द्यायची आणि पुन्हा चाखायची, असा क्रम त्यानं चालवला. 1872 मध्ये पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं या प्रयोगांचं सार सांगितलं. सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून वाइनला मुख्य सुगंध आणि जोम मिळतो. कानायोलोची गोडी सांजोवेझेचा कडकपणा निववते. मालवाझिआ हे पांढरं द्राक्ष वाइन हलकी करतं. रोजच्या जेवणासोबत लवकर प्यायच्या वाइनमध्ये ते चालेल, पण मुरवायच्या वाइनमध्ये ते नसलं तरी बिघडत नाही.

या पत्रात खरं तर दोन वाइन आहेत, एक मुरवायची आणि एक ताजी प्यायची. कोणती करायची, हे करणाऱ्यानं हेतू पाहून ठरवायचं. पुढच्या शंभर वर्षांत मात्र ही मोकळीक हरवली. कियांतीला मागणी वाढली, गवतानं विणलेल्या वेष्टणातली गोल बुडाची बाटली जगभर गेली आणि नावाचा गैरवापर सुरू झाला. तो रोखण्यासाठी 1924 मध्ये राद्दा गावी 33 उत्पादकांनी संघ स्थापला आणि काळा कोंबडा हे चिन्ह घेतलं. 1967 मध्ये सरकारी नियम आले. त्यांनी पांढऱ्या द्राक्षांचं प्रमाण 10 ते 30 टक्के असं सक्तीचंच केलं आणि त्यात भरघोस पिकणारं, पण चवीला फिकं असं त्रेब्बियानोही आलं. बॅरननं ऐच्छिक ठेवलेली गोष्ट कायद्यानं बंधनकारक झाली आणि मुरवायची वाइन करणाऱ्यांची वाट अडली. आन्तिनोरी या दुसऱ्या जुन्या घराण्यानं 1971 च्या हंगामापासून आपली तिन्यानेल्लो ही वाइन कियांती हे नाव सोडून साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकली आणि 1975 मध्ये तिच्यातून पांढरी द्राक्षं पूर्ण काढून टाकली.

त्याच काळात ब्रोलियोचीही घडी विस्कटली. अर्धेलीवर राबणारी कुटुंबं शहरांतल्या कारखान्यांकडे गेली. 1964 च्या कायद्यानं नवे अर्धेलीचे करार बंद केले. 1971 मध्ये वाइनचा व्यवसाय सीग्रॅम या परदेशी कंपनीकडे गेला आणि नंतर एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे. भर संख्येवर राहिला आणि नावाची पत घसरली. 1993 मध्ये घराण्यातल्या फ्रान्चेस्को रिकासोली यांनी छायाचित्रणाचा पेशा सोडून व्यवसाय परत घेतला. जुन्या बागा उपटून नव्यानं लागवड केली, ब्रोलियोतल्याच सांजोवेझेच्या निवडक वेली वाढवल्या, मातीचा बारकाईनं अभ्यास केला. त्यातून एकेका बागेच्या स्वतंत्र वाइन आल्या: चुनखडीच्या मातीतली कोल्लेदिला, जुन्या सागरी थरांवरची रोन्चिकोने आणि नदीच्या गाळावरची चेनिप्रिमो. तिन्ही निव्वळ सांजोवेझेच्या. दरम्यान नियमही सैलावले होते. कियांती क्लासिकोमध्ये, म्हणजे कियांतीच्या जुन्या मुलखातल्या वाइनमध्ये, 1996 पासून फक्त सांजोवेझे वापरायला परवानगी मिळाली आणि 2006 च्या हंगामापासून पांढरी द्राक्षं पूर्ण बंद झाली. मुरवायच्या वाइनबद्दल बेत्तिनो जे म्हणाला होता, तिथे कायदा 124 वर्षांनी पोचला आणि मग त्याच्याही पुढे गेला.

या घराण्याच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काय, तर मला वाटतं, वेगवेगळं आंबवून, चाखून, वाट पाहून निर्णय घेण्याची पद्धत. मिश्रणाचं प्रमाण हे त्या पद्धतीचं एका काळातलं फळ होतं. लोकांनी फळ जपलं आणि पद्धत विसरली, तेव्हा कियांती बिघडली. पद्धत परत आली, तेव्हा ती सावरली.

महाराष्ट्रात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सांजोवेझे आता सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजलाही पिकतं. तिथल्या ‘फ्रातेल्ली’ या कंपनीच्या वाइनना तोस्कानाचेच वाइनतज्ज्ञ प्येरो माझी यांनी आकार दिला. पण तोस्कानात वेल थंडीत झोपते, तेव्हा एकदाच छाटणी होते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे वेल झोपतच नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि माल हाती येतो तो हिवाळा-उन्हाळ्याच्या सांध्यावर. अशा हवेत ब्रोलियोचं प्रमाण जसंच्या तसं उपयोगी पडणार नाही. आपल्या बागायतदारांना प्रत्येक जात, प्रत्येक वावर वेगळं तपासावं लागेल, नोंदी ठेवाव्या लागतील आणि बॅरनसारखी दोन-तीन दशकं धीर धरावा लागेल. तेवढा धीर धरला, तर अकलूज आणि नाशिकच्या वाइनला स्वतःची चव नक्की सापडेल.