बिटकॉइनमधील व्यवहार-पडताळणी आणि तिच्या चाचण्या

बिटकॉइनच्या जाळ्यात हिशेब तपासणारी कोणतीही मध्यवर्ती पेढी नाही. प्रत्येक नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारा प्रत्येक संगणक, समोर आलेला व्यवहार स्वतंत्रपणे तपासतो, आणि सर्वांचा निर्णय एकच आला तरच सर्वांकडची नोंदवही एक राहते. या तपासणीच्या चाचण्या मुख्यतः घडलेल्या चुकांमधून आकाराला आल्या.

15 ऑगस्ट 2010 रोजी 74,638व्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदवहीत जोडल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, त्या चुकांतील सर्वांत गंभीर चूक उघड झाली. व्यवहारातून बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा अधिक नसावी, हा नियम तेव्हाही होता. परंतु बेरीज 64 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात होत असल्याने सुमारे 9,223 कोटी नाण्यांच्या दोन रकमा एकत्र येताच ती मर्यादा ओलांडून ऋण निघाली आणि व्यवहार वैध ठरला. ज्या चलनाची एकूण मर्यादा 2.1 कोटी नाणी आहे, त्यात एका व्यवहाराने 18,446 कोटी नाणी निर्माण केली. सातोशी नाकामोटो या टोपणनावाच्या निर्मात्याने काही तासांतच सुधारित आवृत्ती दिली व तो सदोष ब्लॉक असलेली साखळी मागे पडली.

पुढे वैध आणि अवैध व्यवहारांचे नमुने जेसन स्वरूपाच्या दोन फाइलींमध्ये साठवले गेले, आणि गो भाषेतील बीटीसीडीसारख्या अन्य क्लायंटांनीही, म्हणजे त्याच जाळ्यासाठी वेगळ्या लिहिलेल्या सॉफ्टवेअरनीही, तेच नमुने वापरले. सर्वांचा निर्णय एकच यावा म्हणून मूळ सॉफ्टवेअरचे दोषही तसेच ठेवावे लागतात. बहुस्वाक्षरी तपासणारी आज्ञा गरजेपेक्षा एक घटक जास्त उचलते, हा दोष नव्या क्लायंटलाही जसाच्या तसा पाळावा लागतो. तो एकट्याने सुधारणारा क्लायंट जाळ्यापासून तुटेल.

अवैध नमुन्यांत एकच इनपुट, म्हणजे खर्चायची तीच जुनी रक्कम, दोनदा वापरणारा व्यवहारही होता. तरीही वेग वाढवण्यासाठी मूळ सॉफ्टवेअरच्या 0.14 आवृत्तीत ब्लॉक तपासताना ही पडताळणी अनावश्यक समजून वगळली गेली, आणि 0.15पासून त्यातून नवी नाणी निर्माण होण्याची वाट मोकळी झाली. नमुन्याची चाचणी मात्र उत्तीर्णच होत राहिली, कारण ती सुट्या व्यवहाराची होती, ब्लॉकमधून आलेल्या व्यवहाराची नव्हती. नमुना योग्य असूनही तपासणीचा मार्ग चुकीचा होता, आणि या साऱ्या इतिहासातील हीच बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे. सप्टेंबर 2018मध्ये 0.16.3 आवृत्तीने दोष दूर केला, आणि असा व्यवहार असलेला संपूर्ण ब्लॉक नोडकडे पाठवून तो नाकारला जातो की नाही हे पाहणारी चाचणी जोडली गेली.