तंबूतल्या टॉकीजमधलं व्याकरण

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बँकेत फॉर्म समोर आला की मी सुनेच्या तोंडाकडे बघते. इंग्रजी आपल्या नशिबातच नव्हतं." खरं आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला यायचं, आणि आमच्यातल्या कितीतरी जणी चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसल्या.

पण सिनेमा सुटला नव्हता. यात्रेत तंबूतली टॉकीज यायची, नागपूरला पाहुण्यांकडे गेलो तर थेटरही. (सिनेमाच्या धंद्यात आपल्या मुलखाला अजूनही 'सी.पी. बेरार' म्हणतात, इंग्रजांच्या काळातलं नाव!) खेळ संपला की पडद्यावर 'दि एंड'. अक्षरं न ओळखताही ते दोन शब्द आम्हाला पाठ.

म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. 'दि एंड' म्हणतो, मग 1980 चा 'द बर्निंग ट्रेन' का? शब्द एकच, पण 'एंड'चा पहिला आवाज स्वराचा, म्हणून 'दि'. 'बर्निंग' ब पासून, म्हणून 'द'. तसंच 1967 चा 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' आणि 2008 चा 'अ वेन्सडे'. 'एक' सांगायला स्वराआधी 'ॲन', नाहीतर 'अ'. अक्षर नाही, आवाज ऐकायचा. मावशी लगेच म्हणाल्या, "मग अंडं, म्हणजे एग, ते ॲन एग!" बरोबर.

मराठीत असे शब्दच नाहीत, म्हणून सगळ्यांचाच इथे गोंधळ होतो. गौरी शिंदेंच्या 2012 च्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये लाडू करून विकणारी शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या वर्गात हेच विचारते: अमेरिकेच्या नावापुढे 'द', मग इंडियाच्या का नाही? प्रश्न अगदी शहाणा आहे. 'युनायटेड स्टेट्स' म्हणजे एकत्र आलेली राज्यं, साध्या शब्दांचं नाव, म्हणून 'द' लागतो. इंडिया हे नुसतं नाव, आपल्या कमला-विमलासारखं. कमलेपुढे कुणी 'द' लावत नाही.

त्याच सिनेमात 'जॅझ'चा उच्चार चुकला म्हणून घरचेच तिला हसतात. तो प्रसंग पाहताना आमच्या खोलीत कुणीच हसलं नाही.

आता पुढच्या मंगळवारचा अभ्यास: 'जब वी मेट'मधला 'मेट' आज भेटण्याचा की काल भेटल्याचा? नातवंडांना न विचारता सांगा.