दीड लाखाचा प्रीॲम्प आणि जात्यावरची ओवी

आपल्या वाचनालयाने आसपासच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या आणि जुन्या भजनी मंडळींचे अभंग रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलं, ही या वर्षातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वर्गणी जमली आहे १ लाख ८० हजार. आता त्यातले दीड लाख एका परदेशी बनावटीच्या प्रीॲम्पवर घालावेत अशी सूचना आली आहे. "एकदाच करायचं तर उत्तमच करू" हा त्यामागचा विचार. सुचवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रविवारच्या सभेआधी जरा मागे जाऊन बघू या, म्हणून हा लांबलचक प्रपंच.

आधी प्रीॲम्प म्हणजे काय ते. माइकमधून निघणारा विजेचा संकेत फार बारीक असतो, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तो शेकडो पट, कधी हजार पट मोठा केल्याशिवाय पुढच्या यंत्राला काही कळत नाही. हे मोठं करण्याचं पहिलं काम प्रीॲम्प करतो. बस, एवढंच.

आता इतिहास. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि हॉटेलातल्या खोलीत त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या खोलीत प्रीॲम्प नव्हता. माइकही नव्हता, वीजही लागली नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीनेक मिनिटांत आटपायचं. साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा त्यात यायचा. म्हणजे आवाजाचा खर्जही गेला आणि वरची चमकही गेली. तरी सव्वाशे वर्षांनी आपण ते गाणं ऐकतो. का? कारण ते मुद्रित झालं आणि जपलं गेलं.

मोठी उडी आली १९२५ साली. वेस्टर्न इलेक्ट्रिकने माइक आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वापरून मुद्रणाची पद्धत तयार केली, आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ती उचलली. आवाजाचा पट्टा एकदम साधारण शंभर ते पाच हजार हर्ट्झपर्यंत गेला. फरक ऐकायचा असेल तर आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या तबकड्या ऐका आणि मग १९३० च्या दशकातल्या ऐका. माणूस तोच, पण दुसऱ्या खेपेला तो समोर बसून गातोय असं वाटतं.

या उडीने गाण्याची पद्धतसुद्धा बदलली. संगीत नाटकातल्या नटाला पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवावा लागायचा. माइक आल्यावर हळू, कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. गो. ना. जोशी, गजाननराव वाटवे यांचं भावगीत ज्या काळात घरोघरी गेलं, तो हाच काळ. म्हणजे प्रीॲम्पने इतिहास घडवला हे शंभर टक्के खरं. पण तो फरक "प्रीॲम्प नाही" आणि "प्रीॲम्प आहे" यातला होता. "चांगला" आणि "फार महाग" यातला नव्हे.

मग महाग प्रीॲम्पची ख्याती आली कुठून? पूर्वी ही यंत्रं दुकानात मिळत नसत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओसाठी ईएमआयच्या अभियंत्यांनी स्वतःची मिक्सिंग डेस्क बनवली. १९७० मध्ये रुपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने १०७३ नावाचं मॉड्यूल काढलं. तेही सुटं विकायला नव्हतं, मोठ्या डेस्कचा एक भाग होतं. अशी डेस्क म्हणजे काय खर्च? लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओने १९७३ मध्ये नीव्हची एक डेस्क सुमारे ७५ हजार डॉलरला घेतली. त्या काळी तेवढ्यात तिथे घरं येत. पुढे जुन्या डेस्क मोडीत निघाल्या, तेव्हा लोकांनी त्यातली मॉड्यूल काढून पेटीत बसवून सुटी विकायला सुरुवात केली. गाजलेल्या रेकॉर्डवर हेच यंत्र होतं, म्हणून ते हवंच, अशी हवा तयार झाली.

गंमत बघा. साउंड सिटीत १९९१ ला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' झाला. त्या स्टुडिओबद्दल बोलताना जुनेजाणते डेस्कचं नाव घेतात आणि त्याच दमात तिथल्या खोलीचंही. ड्रमचा आवाज त्या खोलीत जसा घुमायचा तसा दुसरीकडे घुमत नसे. पेटी विकत मिळते, खोली मिळत नाही. म्हणून जाहिरात पेटीची होते.

आता "महाग म्हणजे खरखर कमी" या मुद्द्याकडे येऊ. बेल लॅबमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच दाखवून दिलं की कुठल्याही रोधकात उष्णतेमुळे थोडा विजेचा गोंगाट असतोच. तो कुणालाच काढता येत नाही. नेहमीच्या माइकसाठी ही निसर्गाची मर्यादा साधारण उणे १३१ डीबीयू येते. आजच्या दहा-पंधरा हजारांच्या चांगल्या इंटरफेसमधला प्रीॲम्प उणे १२७-१२८ पर्यंत जातो. म्हणजे कितीही लाख ओतले तरी सुधारायला तीन-चार डेसिबलच उरले. आणि त्या गाजलेल्या १०७३ चा आकडा उणे १२५ च्या आसपास आहे! लोक तो शांततेसाठी घेत नाहीत. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आवाजाला जो हलका रंग चढतो, त्यासाठी घेतात. शिवाय डोक्यावर पंखा फिरत असेल, बाहेर टेम्पो जात असेल, तर हे तीन-चार डेसिबल त्यात कुठच्या कुठे बुडून जातात.

मग महाग प्रीॲम्प कुणीच घेऊ नये का? तसं नाही. रोज व्यावसायिक गाणी करणारा स्टुडिओ, जिथे खोली आधीच नीट बांधलेली आहे, माइक उत्तम आहेत आणि एकावर एक पन्नास ट्रॅक चढवायचे आहेत, तिथे तो रंग कामाचा असतो आणि पैसेही वसूल होतात. रिबन माइकवर हळू आवाज घ्यायचा असेल तर भरपूर आणि स्वच्छ वाढ देणारा प्रीॲम्प लागतोच. पण हा खर्च सगळ्यात शेवटचा. आधी खोली, मग माइक आणि तो कुठे ठेवायचा याची अक्कल, त्यानंतर प्रीॲम्प.

आपलं काम तर वेगळंच आहे. आपल्याला आवाजाला रंग चढवायचा नाही, आहे तसा ठेवायचा आहे. आणि त्या आजी स्टुडिओत येणार नाहीत, आपल्याला त्यांच्या ओसरीवर जायचं आहे.

याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी कार्यकर्त्यांना घेऊन खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचं मुद्रण झालं, तेही बायकांच्या घरी जाऊन. आज तो संग्रह मोलाचा आहे, कारण कोण गातंय, कुठल्या गावची, ओवी कशावर आहे, हे सगळं नोंदवलेलं आहे. मागून कोंबडा ओरडला म्हणून कुणी तक्रार करत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. बॅटरीवर चालणारा चांगला फील्ड रेकॉर्डर, अंदाजे २५ हजार (प्रीॲम्प त्यातच असतो). दोन माइक ३० हजार, हेडफोन ५, स्टँड-केबल ५, दोन ठिकाणी ठेवायला दोन हार्ड डिस्क १२. झाले ७७ हजार. उरतात १ लाख ३ हजार. त्यातून प्रवास, गाणाऱ्यांना मानधन आणि ओव्या उतरवून घेणाऱ्या दोन मुलींचा वर्षभराचा मोबदला. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. खोलीत जाड गोधड्या टांगा आणि पंखा बंद ठेवा. याला पैसे पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आपल्याकडच्या ओव्या गाणाऱ्या दोन आजी गेल्या. त्यांचा आवाज आपल्याकडे कर्ण्यातून घेतल्यासारखा खरखरीतसुद्धा नाही. यंत्र पुढच्या वर्षी घेता येईल, जमलं तर नंतर आणखी चांगलं घेता येईल. माणसांचं तसं नाही.

रविवारी सभेला या. माझं चुकत असेल तर तिथे तोंडावर सांगा, पण ठराव एकदा करून टाकू आणि सोमवारपासून निघू.