देवांचे अन्न आणि दुधाचा प्रश्न

ज्या वृक्षाच्या बीजांपासून चॉकलेट होते त्यास लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक म्हणता येणार नाही. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या जुन्या पोथ्यांत काकावची बीजे हाती घेतलेल्या देवता आजही पाहावयास मिळतात. ग्वाटेमालातील रिओ असूल येथील एका थडग्यात पाचव्या शतकातील झाकणाचे मातीचे भांडे सापडले. त्यावर ‘काकाव’ ही अक्षरे असून आत त्या पेयाचा अंश शिल्लक होता.

दूध न घालता केलेले गरम चॉकलेट ही हल्लीची टूम आहे, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. दूध, लोणी, मध आदी सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात 1944 साली निघाला, हे खरे. पण पेय त्याहून किती तरी जुने! अमेरिकेत गाई प्रथम पोहोचल्या त्या कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीत. तोपर्यंत तेथील लोक बीजे भाजून, पाट्यावर वाटून, पाणी, मिरची व मक्याचे पीठ यांत कालवीत आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस आणीत. आझ्टेक लोक ते बहुधा थंडच पीत. ऊन करून, साखर व दालचिनी घालून पिण्याची चाल स्पॅनिश वसाहतीत रुळली. फेसासाठी तेथे लाकडी घुसळणी आली. ती दोन तळहातांत धरून फिरवितात. आपल्या रवीची सख्खी बहीणच म्हणावी.

पुढे जो वाद उपस्थित झाला तो आपल्या वाचकांस विशेष ओळखीचा वाटेल. हे पेय घेतल्याने उपवास मोडतो काय? आंतोनिओ दे लेओन पिनेलो याने 1636 साली माद्रिद येथे या एकाच प्रश्नावर ग्रंथ छापला. जेझुइट अनुकूल होते, डोमिनिकन प्रतिकूल. रोममध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो याने 1664 साली द्रवपदार्थाने उपवास मोडत नाही असा कौल दिला. मात्र पाण्यात केलेले चॉकलेट पेय, पण त्यात दूध वा अंडी घातली की ते अन्न, असेही काही शास्त्रज्ञ म्हणत. आपल्या एकादशीला दूध चालते आणि धान्य चालत नाही. तिकडे दुधानेच घोटाळा केला!

दूध पुढे इतके रूढ झाले याचे श्रेय युरोपातील यंत्रांस दिले पाहिजे. बीजांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. हॉलंडमधील व्हान हौटन यांनी 1828 साली तो दाबून काढण्याची युक्ती बसविली व कोकोची भुकटी स्वस्त झाली. स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर याने 1875 च्या सुमारास दुधाचे चॉकलेट सिद्ध केले.

दूध टाळले म्हणजे पेय निर्दोष झाले, असे मात्र मला म्हणवत नाही. गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या साओ तोमे बेटावरील कोकोच्या मळ्यांत अंगोलातून नेलेल्या मजुरांना गुलामांसारखे राबविले जाई. इंग्लंडातील कॅडबरी आदी कंपन्यांनी 1909 साली तेथील कोको घेणे बंद केले, पण त्यापूर्वी कित्येक वर्षे तो घेतलाच होता. ज्याला गाईच्या वासराची कणव आहे त्याने माल कोठला, हेही विचारावे.

निवड करताना वेष्टन वाचणे अगत्याचे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत साखर असतेच, काहींत दुधाची भुकटीही असते. काळ्या वडीतही कधी दुधाचा स्निग्धांश आढळतो. आपल्याकडील हिरवा ठिपका येथे उपयोगी नाही, कारण दुधाच्या पदार्थांसही तो मिळतो. व्हीगन पदार्थांसाठी निराळे चिन्ह 2022 च्या नियमांनी आले. निव्वळ कोको पावडर घ्यावी हे सर्वांत सोपे.

कोको सहजी भिजत नाही. म्हणून पेल्यास दोन चमचे कोको, तितकीच साखर व किंचित मीठ थोड्या कढत पाण्यात आधी घोटून घ्यावे, मग उरलेले पाणी घालून उकळी आणावी. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात ते आजही पाण्यातच करतात. दाटपणा हवा असल्यास नारळाचा जाड रस शेवटी, आच मंद करून घालावा. खळखळून उकळल्यास तो फुटतो. आणि रवी फिरवावयास विसरू नये.